कालव्याच्या रस्त्याने सायकल आणि गोठ्याशेजारचे जुने ट्रॅक्टर

कालवाकाठ

नमस्कार मंडळी,

लांबच्या सायकल भटकंतीला निघताना आपण बहुतेकजण घाट, किल्ले नाहीतर धरणं डोळ्यांपुढे ठेवतो. मी गेली काही वर्षं नीरा खोऱ्यात जातो ते मुख्यतः जुने ट्रॅक्टर बघायला. लोणंद, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, अकलूज असं जायचं आणि परतताना इंदापूर, वालचंदनगर, बारामती. पालखी मार्ग आता रुंद झालाय, गाड्या सुसाट असतात, म्हणून जमेल तिथे मी कालव्याच्या भरावावरचा रस्ता धरतो. मुरूम आहे, खड्डे आहेत, बाभळीचे काटे तर विचारूच नका. पण वस्त्या या रस्त्यालाच लागून आहेत. गोठा, कडब्याची गंजी, पाण्याची टाकी, आणि त्यांच्या आडोशाला पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा ट्रॅक्टर. मोटारीतून जाणाऱ्याला तो दिसतच नाही. मोटारसायकलवाल्यालाही क्वचितच. सायकलवर मात्र दिसतो, आणि थांबायला ब्रेक दाबण्यापलीकडे काही करावं लागत नाही.

याच पट्ट्यात का, तर त्यालाही कारण आहे. नीरा डावा कालवा १८८५ चा, उजवा त्यानंतरचा. पाणी आलं तसा ऊस आला आणि १९३० च्या दशकात वालचंदनगर, माळीनगर, श्रीपूर हे साखर कारखाने उभे राहिले. खासगी कारखान्यांचे मळे शेकडो एकरांचे. एवढं रान बैलांवर उरकणं अवघड, म्हणून यांत्रिक नांगरट या भागात लवकर रुजली. पुढे १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा आला, कारखान्यांची जास्तीची जमीन सरकारकडे गेली आणि ती कसायला १९६३ मध्ये शेती महामंडळ निघालं. वस्त्यांवर विचारलं की 'मळ्यावरनं लिलावात घेतलेला' हे उत्तर बऱ्याचदा मिळतं.

नातेपुत्याच्या अलीकडे एका लिंबाखाली लाल ट्रॅक्टर दिसला. लाल म्हणजे एके काळचा लाल. सायलेन्सरवर डालड्याचा डबा पालथा घातलेला. नंबरप्लेट हाताने रंगवलेली, त्यावर जुनी तीन अक्षरं. 'एमएच'वाली पद्धत १९८९ पासूनची, तेव्हा ट्रॅक्टर निदान त्याआधीचा. बॉनेटच्या बाजूला 'बी-२७५' अजून वाचता येत होतं. मी सायकल टेकवतोय तोच गोठ्यातून आजोबा बाहेर आले.

"बँकेतनं आलाय का?"

"न्हाई आबा. सायकलवरनं चाललो होतो, ट्रॅक्टर बघून थांबलो."

"मग बसा की. च्या ठेवायला सांगतो."

हा ट्रॅक्टर त्यांच्या वडिलांनी नंबर लावून घेतलेला. त्या काळात पैसे भरले म्हणून ट्रॅक्टर मिळत नव्हता, वाट बघावी लागे. १९६१-६२ साली अख्ख्या देशात मिळून जेमतेम ८८० ट्रॅक्टर तयार झाले होते. महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून १९६३ मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी काढली आणि कांदिवलीला हे बी-२७५ बनू लागले. मूळ मॉडेल इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचं. आज शोरूममध्ये जो 'दोनशे पंचाहत्तर' उभा असतो त्याचा आकडा तिथून आलाय.

"चालू हाय का आबा?"

"चालू म्हंजे? रोज सकाळी कुट्टी हेच्यावरच हुती."

त्यांनी दाखवलंही. पुलीवर चपटा पट्टा चढवला, कुट्टी मशीनला जोडला आणि दुसऱ्या चुटकीला इंजिन लागलं. मी क्लचच्या बाजूचं पायठाण निरखत होतो. टाच टेकून टेकून तिथला पत्रा पार झिजलेला, भोक पडल्यावर तेलाच्या पिंपाचा तुकडा वेल्डिंग करून बसवलाय आणि आता त्या तुकड्यावरही टाचेची खोल खूण उठलीय. एवढ्या खुणेत वडील, आबा आणि त्यांचा मुलगा असे तिघांचे पाय आहेत. भंगारवाले येऊन जातात का, असं मी विचारलं. "येत्यात की. वजनावर मागत्यात. ज्यानं आमचं समदं रान नांगरलं, त्येचं कसलं वजन करताय?"

दुसरा माळीनगरच्या बाजूचा. पत्र्याच्या शेडमध्ये, पुढची चाकं विटांवर. वरून लाल रंग फासलेला, पण पोपडे निघाले होते आणि खालून राखाडी डोकावत होता. धूळ पुसल्यावर डॅशबोर्डवरच्या पट्टीवर नंबराच्या सुरुवातीला 'टीईएफ' ही अक्षरं निघाली आणि माझी खात्री पटली. हा हॅरी फर्ग्युसनचा टीई-२०, त्यातला डिझेलवाला. कॉव्हेंट्रीजवळ बॅनर लेनच्या कारखान्यात १९४६ ते १९५६ या काळात असे पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर तयार झाले.

हे यंत्र दिसायला एवढंसं आहे. मग त्याचं एवढं काय, तर त्याच्या मागची तीन दांड्यांची जोडणी. त्याआधी नांगर ट्रॅक्टरच्या मागे साखळीने बांधल्यासारखा नुसता ओढला जाई. नांगराचा फाळ दगडाला नाहीतर मुळाला अडला की ट्रॅक्टरचं तोंड वर उठायचं, आणि चालवणारा सावध नसला तर ट्रॅक्टर त्याच्या अंगावर उलटायचा. फर्ग्युसनने नांगर तीन ठिकाणी असा जोडला की ओढ पडली की वरची दांडी ट्रॅक्टरचं तोंड उलट खाली दाबते. शिवाय जमीन कठीण लागली की हायड्रॉलिक नांगर आपोआप थोडा वर घेतं. आज तुमच्या समोरून रोटाव्हेटर घेऊन जो नवाकोरा ट्रॅक्टर येतो, त्याच्या मागे हीच जोडणी असते. ज्या यंत्रामुळे जगभर चालकांचे जीव वाचले, ते माळशिरस तालुक्यात विटांवर उभं आहे आणि मालकाच्या मुलाला ते काय आहे हे माहीत नाही. मी त्याला तासभर बसून सगळं सांगितलं. त्याने लगेच वरची पोती काढली.

माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. फिरताना असा ट्रॅक्टर दिसला तर नुसता फोटो काढून पुढे जाऊ नका. मालकाशी बोला. कधी घेतला, कुठून आणला, कुणी चालवला, काय काय नांगरलं, ते लिहून घ्या. लोखंड अजून वीस वर्षं टिकेल. सांगणारी माणसं आत्ताच सत्तरी-ऐंशीची आहेत.

तुमच्या भागात काय काय दिसलंय ते इथे लिहा.

---

घाटवाट

काय सुंदर लिहिलंय दादा! मी याच रस्त्याने गेलोय आणि मला एकही दिसला नाही, कारण मान खाली घालून किलोमीटर मोजत होतो.

दोन शंका. कालव्याच्या रस्त्याला टायर कुठले? आणि ऊसतोडीच्या दिवसांत डबल ट्रॉल्यांचं काय करता?

---

कालवाकाठ

टायर निदान चाळीस मिलिमीटरचे घ्या, आत काटे अडवणारी पट्टी टाका. ट्रॉलीची भीती खरी आहे. मागची ट्रॉली वळणावर आत कापते आणि चालकाला मोठ्या आवाजातल्या गाण्यात काही ऐकू येत नाही. मी सरळ रस्ता सोडून खाली उतरतो. कारखान्याच्या आसपास अंधार पडल्यावर सायकल चालवूच नये.

---

ओवी

धागा वाचून डोळे भरून आले. माझे आजोबा शेती महामंडळात ट्रॅक्टर चालवायचे. आम्ही नातवंडं त्यांना 'डायव्हर आबा' म्हणायचो.

त्यांच्या बोलण्यात कुंदा नावाचं तण फार यायचं. काळ्या रानात कुंदा आणि हरळी एकदा शिरली की बैलाच्या नांगराला दाद देत नाही, मुळ्या खोलवर जातात. ती रानं मोडायला मोठे पलटी नांगर लागायचे, उन्हाळाभर रात्रपाळीने नांगरट चालायची. दिव्याच्या उजेडात तास सरळ कसा धरायचा, तर लांब समोर एका माणसाला कंदील घेऊन उभं करायचं आणि त्याच्यावर नजर ठेवून जायचं. सकाळी मुळ्या उन्हात पडलेल्या असायच्या, त्या वेचायला बायका यायच्या. माझी आजी त्यांतलीच एक. ट्रॅक्टरच्या गोष्टीत या बायका कधी येत नाहीत म्हणून मुद्दाम लिहितेय. नांगराने मुळ्या वर काढल्या, पण रान स्वच्छ झालं ते वेचणाऱ्यांमुळे. वेचल्या नसत्या तर पहिल्या पावसात कुंदा पुन्हा उभा.

आजोबा गेले, त्यांची चामड्याची सीट आमच्याकडे आहे. कुठल्या ट्रॅक्टरची ते आम्हाला माहीत नाही. फोटो पाठवला तर कळेल का?

---

कालवाकाठ

ओवीताई, जरूर पाठवा. सीट कशावर बसवलेली होती तेही बघा, खालचा पत्रा किंवा स्प्रिंगची पट्टी असेल तर ओळखायला सोपं जाईल. आणि मुळ्या वेचणाऱ्या बायकांबद्दल लिहिलंत ते फार मोलाचं आहे. यापुढे मी वस्तीवर घरातल्या आजींनाही विचारणार.

---

इंदूरकर

कुंद्याचा विषय निघाला म्हणून आमच्या बाजूची भर. नर्मदेच्या खोऱ्यात आणि भोपाळकडे कासाच्या गवताने लाखो एकर जमीन पडीक होती. स्वातंत्र्याच्या सुमारास केंद्र सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन काढली, सुरुवातीला अमेरिकन सैन्याने मागे सोडलेले ट्रॅक्टर वापरले. मग १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला एक कोटी डॉलरचं कर्ज दिलं ते याच कामाच्या यंत्रांसाठी. भारताला बँकेने दिलेल्या अगदी पहिल्या कर्जांपैकी हे एक. धरण नाही, वीज नाही, गवत उपटण्यासाठी! इकडे सायकलवर फिरताना पट्ट्यांच्या चाकांचे जुने सांगाडे कधी कधी दिसतात, ते कुठल्या कामावरचे ते आता शोधायला हवं.

---

यॉर्कशायरवासी

मी ब्रॅडफर्डपासून जवळच राहतो, त्यामुळे बी-२७५ वाचून टुणकन उठलो. हा कारखाना आयडल भागात होता. आधी तिथे जोवेट मोटारी बनायच्या, १९५४ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरने तो घेतला आणि पुढे १९५८ पासून बी-२७५ काढला. १९८० च्या दशकात कारखाना बंद पडला. आज त्या जागी सुपरमार्केट आहे, आम्ही तिथे भाजी घेतो. बॅनर लेनचंही तेच, २००२ मध्ये उत्पादन थांबलं, आता घरं आहेत.

इथे शरद ऋतूत गावोगावी नांगरटीच्या स्पर्धा होतात, त्यात जुन्या ट्रॅक्टरांचा वेगळा गट असतो. मी सायकलने जातो आणि बांधावर बसून बघतो. नुसतं पळायचं नसतं. तास किती सरळ, माती किती नीट पलटली, शेवटचा तास कसा बंद केला, याचे गुण. पंच वाकून वाकून बघतात. राखाडी फर्ग्युसन तर असतोच असतो. म्हातारे शेतकरी त्यावर बसलेले बघितले की मला हटकून फलटणकडची माणसं आठवतात.

पण एक फरक आहे. इथला बी-२७५ हौसेसाठी राखलेला, वर्षातून चार वेळा निघणारा. तुमच्या आबांचा रोज सकाळी कुट्टी करतोय. जो अजून पोटासाठी राबतोय त्याचं मला जास्त अप्रूप वाटतं.

---

पेडलवाला नाशिक

आमच्याकडचं एक दुर्मीळ नाव सांगतो. किर्लोस्कर डॉइट्झ. १९७० च्या दशकात नाशिकला किर्लोस्करांनी जर्मनीच्या डॉइट्झ कंपनीबरोबर ट्रॅक्टर काढले होते. इंजिन हवेने थंड होणारं. फार वर्षं टिकले नाहीत ते. निफाडच्या बाजूला एका द्राक्षबागेच्या कडेला एक बघितलाय, बॉनेट नाही, पण इंजिनाच्या सिलिंडरवरच्या पंख्यांसारख्या पट्ट्या स्पष्ट दिसतात. मालक विकत नाहीत, दुरुस्तही करत नाहीत. "वडिलांचा आहे" एवढंच म्हणतात.

---

कालवाकाठ

किर्लोस्कर डॉइट्झ! मी अजून एकही प्रत्यक्ष बघितलेला नाही. निफाडला येणार, नक्की.

हवेने थंड होणारा म्हटलं की माणदेशात आयशर. दहिवडी, म्हसवडकडे अजून दिसतात. रेडिएटर नाही, म्हणजे पाणी घालायची भानगड नाही, आणि दुष्काळी भागात ही गोष्ट लहान नव्हती. मूळ कंपनी बव्हेरियातल्या आयशर बंधूंची. फरिदाबादला तयार झालेला पहिला ट्रॅक्टर २४ एप्रिल १९५९ रोजी बाहेर पडला. देशात बनलेला पहिला ट्रॅक्टर म्हणून त्याचंच नाव घेतात. २००५ पासून हे ट्रॅक्टर टॅफे या ट्रॅक्टर कंपनीकडे आहेत. त्याचा आवाज दुरूनच ओळखू येतो, ठोके सुटे सुटे पडतात.

एचएमटी २५११ पण बघा. घड्याळवालीच एचएमटी. पिंजोरला १९७१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या धर्तीवर बनायचे. दोन सिलिंडर, पंचवीस हॉर्सपॉवर, लहान शेतकऱ्याला परवडणारा.

---

नोझलमिस्त्री

मी ट्रॅक्टर मिस्त्री आहे, हात काळे करण्यात आयुष्य गेलं. सायकलवाले लोक आमच्या कामाबद्दल एवढं आपुलकीने लिहितात हे बघून बरं वाटलं. थोडं कामाचं सांगतो.

कालवाकाठ यांनी सायलेन्सरवरच्या डब्याचा उल्लेख केलाय. तो डबा म्हणजे ट्रॅक्टरचा जीव आहे. उभ्या सायलेन्सरमधून पावसाचं पाणी उतरलं, आणि एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असला, की पाणी थेट सिलिंडरमध्ये. एका पावसाळ्यात पिस्टन लायनरला धरतो. माझ्याकडे 'जाम' म्हणून येणाऱ्या जुन्या इंजिनांपैकी बरीचशी अशीच जाम झालेली असतात. तुम्ही फिरताना सायलेन्सर उघडा दिसला तर मालकाला सांगून एक डबा घाला. फोटोपेक्षा मोठं काम होईल.

दुसरं, सुट्या भागांचं. मॅसी फर्ग्युसन १०३५ ला काळजी नाही, कुठल्याही तालुक्याच्या गावी भाग मिळतात. आयशरलाही मिळतात. एचएमटीचे जुन्या दुकानांत आणि भंगार बाजारात. टीईएफचे इंग्लंडहून मागवावे लागतात, तिथे अजून विकणारे आहेत. म्हणून टीईएफ सापडला तर त्याची एकही वस्तू हलू देऊ नका, गंजलेला नटसुद्धा.

तिसरं, हँडल मारून इंजिन चालू करायची हौस कुणी करू नका. मारायचंच झालं तर अंगठा दांड्याभोवती गुंडाळायचा नाही, चारही बोटांच्या बाजूलाच ठेवायचा आणि खालून वर ओढायचं. इंजिनाने उलटा झटका दिला की गुंडाळलेला अंगठा मोडतो. मी मोडलेले बघितलेत.

---

रानवारा

मिस्त्रीकाका, रंगाचं काय? आमच्या घरी १९७० च्या दशकातला एस्कॉर्ट्स आहे. खंडेनवमीला दरवर्षी पूजा होते. यंदा भाऊ म्हणतोय की चकाचक रंग मारून घेऊ, नवे स्टिकर लावू.

---

यॉर्कशायरवासी

माझं मत विचाराल तर रंग नको. इकडे आता बरेच जाणकार मूळ रंगातला, ओरखड्यांसकट ठेवलेला ट्रॅक्टर जास्त मानतात. रंग पुन्हा देता येतो, जुना रंग पुन्हा आणता येत नाही.

---

नोझलमिस्त्री

इथे मी थोडा वेगळा आहे. तिकडे ट्रॅक्टर शेडमध्ये असतो. आमच्याकडे तो लिंबाखाली चार महिने पाऊस खातो. पत्रा उघडा पडला तर पाच वर्षांत गळून जाईल. ज्याला शेड आहे त्याने जुना रंग ठेवावा, ज्याला नाही त्याने गंज घासून प्रायमर तरी मारावा. पैसे असतील तर रंगाच्या आधी डिझेल पंप आणि सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल करून घ्या. बाहेरून चकाचक आणि आतून बंद, असे बरेच बघतो.

---

कालवाकाठ

मला दोघांचंही पटतं. रंग द्यायचा असेल तर नंबराची पट्टी, कारखान्याची चिन्हं आणि हाताने लिहिलेली नावं आधी झाकून घ्या, त्यांच्यावर ब्रश फिरवू देऊ नका. एका वस्तीवर मडगार्डच्या आतल्या बाजूला खडूने नाही, खिळ्याने कोरून ठेवलेला हिशेब होता. कुणाचं किती रान नांगरलं, किती येणं बाकी. तो रंगाखाली गेला असता तर त्या शिवाराचा एक काळच पुसला गेला असता.

---

घाटवाट

पुन्हा आलो. धागा वाचून मावशीच्या गावी करमाळ्याला सायकलने गेलो. काकांकडे एचएमटी २५११ आहे हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण कधी नीट बघितला नव्हता. सात-आठ वर्षं बंद. पंखा हाताने फिरत नाही, म्हणजे जामच. सायलेन्सर उघडा! डबा आता घातलाय. काका म्हणाले, "चालू होत असंल तर कर, खर्च मी देतो." मिस्त्रीकाका, सुरुवात कुठून करू?

---

नोझलमिस्त्री

घाईत धक्का मारू नका, टोचन लावून ओढू तर अजिबात नका. कनेक्टिंग रॉड वाकेल.

आधी दोन्ही नोझल काढा. भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये अर्धा कप डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं निम्मं ओता, भोकांना कापडाचे बोळे लावा आणि आठवडाभर विसरून जा. मध्ये एकदा पातळी बघून परत घाला. मग वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने पुढेमागे हलवून बघा, नुसतं डुलवायचं, जोर नाही. हललं तर नशीब. नाही हललं तर परत आठवडा. तरीही नाही तर हेड उघडावं लागेल, तेव्हा मला कळवा.

सुटलं की जुनं ऑइल पूर्ण काढा, त्यात पाणी निघेल. डिझेल टाकी उतरवून आतून धुवा, फिल्टर नवे टाका, झडपा मोकळ्या आहेत का ते वरचं झाकण काढून बघा. नोझल आणि पंप कॅलिब्रेशनला पाठवा. बसवल्यावर पंपापासून नोझलपर्यंत नळ्यांत अडकलेली एअर काढा.

आणि पहिल्यांदा चालू कराल तेव्हा एअर क्लीनरचा पाइप सोडून ठेवा आणि हवा आत जाते त्या तोंडापाशी एक माणूस सपाट फळी घेऊन उभा करा. खूप दिवस बंद असलेल्या पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, कधी कधी पूर्ण उघडा अडकलेला असतो. इंजिन लागलं की वेग चढतच जातो, आणि नुसता स्टॉप ओढून थांबत नाही. तसं झालं तर त्या माणसाने फळी तोंडावर गच्च दाबायची, हात नाही, फळीच. हवा तुटली की इंजिन थांबतं. तोवर ट्रॅक्टर न्यूट्रलला, चाकांना दगड, आणि पोरंबाळं लांब.